सायलेन्सर बदलल्यावर गाडी आतून घुमते: हा दोष परत परत का येतो आणि कायमचा कसा घालवावा

चार सिलिंडरच्या लहान पेट्रोल हॅचबॅकचा मागचा सायलेन्सर काढून त्याजागी सरळ नळीचा ‘स्पोर्ट्स’ मफलर बसवला की पहिले काही दिवस आनंदात जातात. उभ्या गाडीचा आवाज भारदस्त वाटतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हवी तशी गुरगुर मिळते. मग गाडी महामार्गावर जाते, पाचव्या गिअरमध्ये एका ठरावीक वेगावर स्थिरावते आणि आत बसलेल्यांच्या कानांवर एक जड, एकसुरी दाब बसू लागतो. मागच्या सीटवरच्या माणसाचे डोके जड होते, शेजाऱ्याशी मोठ्याने बोलावे लागते आणि वेग थोडा वाढवला किंवा कमी केला की तो आवाज एकदम विरतो. गॅरेजमध्ये एकदा क्लॅम्प आवळून मिळतात, दुसऱ्यांदा मफलरमध्ये ग्लासवूल भरून मिळते, तिसऱ्यांदा डिकीत डॅम्पिंग शीट चिकटवण्याचा सल्ला मिळतो. थोडे दिवस बरे वाटते आणि घुमणे पुन्हा सुरू होते.

दोष परत येण्याचे कारण असे की बहुतेक उपाय आवाज किती मोठा आहे हे पाहून केले जातात, तो किती हर्ट्झचा आहे हे कोणी मोजत नाही. घुमणारा आवाज एका अरुंद पट्ट्यात असतो. तो पट्टा कोणता हे कळले तर उपाय एका नळीच्या लांबीइतका सोपा ठरतो, आणि ते न कळता केलेला प्रत्येक खर्च अंदाजावर जातो. पुढे दिलेला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे: आधी आवाज एक्झॉस्टचाच आहे याची खात्री, मग गळती, मग अंगाला लागणारी नळी, आणि हे सर्व निकालात निघाल्यावरच घुमाऱ्याचे, म्हणजे ठरावीक वारंवारतेला नळीतली किंवा केबिनमधली हवा स्वतःच घुमू लागण्याचे (रेझोनन्सचे) मोजमाप. पहिल्या तीन पायऱ्या वगळून थेट चौथीवर जाणाऱ्याला मोजमाप चुकीचे मिळते.

कामाची हद्द

हा सर्व विचार कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या, मागच्या भागापुरता आहे. कन्व्हर्टर, त्याच्या पुढचा आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर, तसेच मॅनिफोल्ड (सिलिंडरमधून येणाऱ्या नळ्या एकत्र करणारा भाग) यांना हात लावू नये. कन्व्हर्टर काढला की मागचा सेन्सर ते ओळखतो, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुधा ‘पी०४२०’ हा कोड दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कित्येक पटींनी वाढतो, आणि तो आपल्याच सोसायटीच्या तळघरातल्या वाहनतळात साठतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलांशी आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही. आवाज किंवा हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणारे वाहन रस्त्यावर चालवल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवानाही तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. प्रवासी मोटारींसाठी निर्मितीच्या टप्प्यावर आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, आणि घरी बसवलेला मफलर तिच्या आत आहे हे सिद्ध करण्याची सोय गाडीमालकाकडे नसते. त्यामुळे शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकसाठी वेगळी गाडी नसेल तर बाहेर ऐकू येणारा आवाज मूळ आवाजाच्या जवळपास ठेवावा आणि बदल आवाजाच्या पोतात असावा, पातळीत नव्हे. मला स्वतःला हा निर्बंध जाचक वाटत नाही. चांगला स्वर आणि मोठा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि रात्री दहानंतर गल्लीत शिरताना तो फरक शेजाऱ्यांना आपल्याहून जास्त कळतो.

आवाज नेमका कशाचा

टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा आवाजही ठरावीक वेगाला घुमल्यासारखा वाटतो. वेगळेपण ओळखण्याची पद्धत सोपी आहे. सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये आवाज ज्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) येतो तो आकडा टॅकोमीटरवर पाहून ठेवावा, मग चौथ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये त्याच आरपीएमला गाडी आणावी. वेग बदलला तरी त्याच आरपीएमला आवाज येत असेल तर तो इंजिन किंवा एक्झॉस्टचा आहे. आरपीएम बदलूनही त्याच वेगाला येत असेल तर सायलेन्सरखाली वेळ घालवण्यात अर्थ नाही. टायर आणि बेअरिंग तपासावेत.

यानंतर त्याच आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून पाहावे. पाय उचलताच घुमणे थांबत असेल तर ते इंजिनच्या भाराशी बांधलेले आहे, आणि एक्झॉस्टचा संशय पक्का होतो. पाय उचलल्यावरही धातूची थरथर चालू राहत असेल तर ती बहुधा हीट शील्डची किंवा इंजिन माउंटची असते. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये तेच आरपीएम ठेवल्यावर आवाज बराच कमी आला तर गोंधळू नये. भार नसताना सिलिंडरमध्ये जाणारे मिश्रण थोडे असते, म्हणून जळलेल्या वायूच्या नळीतल्या प्रत्येक धडकेची ताकदही कमी असते.

गळती

फ्लँजमधून (दोन नळ्या बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कड्यांच्या सांध्यातून) होणारी बारीक गळती ही या दोषाची सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. थंड गाडी सुरू केल्यावर येणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी ‘टिक टिक’ हे तिचे नेहमीचे लक्षण आहे, कारण धातू तापून फुगला की फट थोडी बुजते. दुसरे लक्षण डोळ्यांना दिसते. एका परिचिताच्या गाडीखाली टॉर्च घेऊन पाहिले तेव्हा कन्व्हर्टरच्या मागच्या फ्लँजच्या खालच्या बाजूला, बोल्टच्या डोक्यापासून दोन बोटांवर, काजळीची मऊ काळी पट्टी पंख्यासारखी पसरलेली होती. बोट फिरवले की ती पावडरीसारखी हाताला लागत होती आणि खाली गंजाचा नामोनिशाण नव्हता. अशी कोरडी, ताजी काजळी म्हणजे तिथून वायू बाहेर पडतो आहे याचा पुरावा. जुन्या गंजाच्या तपकिरी ओघळाकडे पाहून असा निष्कर्ष काढू नये.

खात्रीची चाचणी इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना करावी. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू टेलपाइपला कापड गुंडाळून जोडावी आणि प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक वेल्डवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जिथे बुडबुडे येतील तिथे फट आहे. मफलरच्या पोटाला सर्वांत खालच्या बाजूस साधारण तीन मिलिमीटरचे छिद्र असेल तर तिथे येणारे बुडबुडे दोष नाहीत. ते साठलेले पाणी निघून जाण्यासाठी असते. एक लिटर पेट्रोल जळले की ढोबळमानाने एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते, आणि सीएनजीवर तितक्याच कामासाठी त्याहून जास्त. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत ते पाणी मफलरमध्येच राहते. कोकणपट्टीत बाहेरून खारी हवा आणि आतून हे पाणी अशा दुहेरी माराने साध्या पोलादाचा मफलर लवकर सडतो. तिथे ते छिद्र बुजवणे म्हणजे मफलरचे आयुष्य स्वतःहून कमी करणे.

पुन्हा पुन्हा गळणाऱ्या सांध्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण निघते. पहिले, जुनेच गॅस्केट परत वापरलेले असते. ते एकदा दाबले गेले की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दुसरे, यू-क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळल्याने नळी चेपून लंबगोल झालेली असते. तिथे रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प वापरावा, म्हणजे सांधा सगळीकडून सारखा दाबला जातो आणि पुढे उघडताही येतो. तिसरे कारण वेल्डिंगमध्ये असते. मूळ नळी साध्या किंवा ४०९ जातीच्या पोलादाची आणि नवा मफलर ३०४ जातीच्या स्टेनलेसचा असेल तर तापल्यावर ३०४ जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. प्रत्येक फेरीला त्या वेल्डवर ताण येतो आणि काही महिन्यांत कडेने केसासारखी भेग पडते. तीच भेग पुन्हा वरवर वेल्ड करून घेणाऱ्यांना ती पुन्हा दिसणारच. अशा जोडाला योग्य फिलर वायर हवी. त्याहून चांगले म्हणजे तिथे वेल्ड न करता फ्लँज किंवा बँड क्लॅम्पचा सांधा ठेवावा.

गळतीचा आणखी एक परिणाम प्रदूषण तपासणीत दिसतो. दाबाच्या दोन धडकांच्या मधल्या क्षणी नळीत दाब कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाड्यांना वाढीव आरपीएमला लॅम्ब्डा (हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ यांमध्ये असावा लागतो. फटीतून आलेल्या हवेमुळे तो आकडा वर जातो आणि इंजिन उत्तम असूनही गाडी नापास होते. फट पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर तिच्यामुळे ‘पी०१७१’ हा कोडही येऊ शकतो. पाय उचलताना येणारे फटाकेही पुष्कळदा याच फटीतून येतात. काही जण त्यांना स्पोर्टी आवाज समजून जपतात, प्रत्यक्षात ते सांधा उघडा असल्याची खूण असतात.

अंगाला लागणारी नळी

गळती नसेल तर संपूर्ण एक्झॉस्ट रबरांवर मोकळा लोंबतो की नाही हे पाहावे. इंजिन थंड असताना टेलपाइप हाताने धरून चारही दिशांना हलवावा. तो रबरांवर झुलला पाहिजे आणि कुठेही ‘टक्’ असा धातूचा आवाज यायला नको. मागचा अॅक्सल, इंधन टाकी, हीट शील्ड आणि बंपरची कड या चार जागा विशेष पाहाव्यात. प्रत्येक बाजूला दोन सेंटिमीटरच्या आसपास मोकळी जागा असावी. अडीच मीटर लांबीची नळी सरासरी अडीचशे अंशांनी तापली तर साध्या पोलादात ती सुमारे साडेसात मिलिमीटर आणि ३०४ स्टेनलेसमध्ये दहा मिलिमीटरहून जास्त लांबते. थंड गाडीत सर्व काही ठीक आणि तासाभराच्या प्रवासानंतर खडखड, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असते. नळी मागे सरकते आणि टेलपाइपची कड बंपरला टेकते.

कन्व्हर्टरच्या मागे जिथे स्प्रिंगचे दोन बोल्ट आणि मध्ये गोल गॅस्केट असते तो सांधा इंजिनच्या हालचालीला वाव देण्यासाठी असतो. गळती थांबवण्याच्या घाईत त्या स्प्रिंग काढून साधे बोल्ट घट्ट आवळले जातात आणि त्या दिवसापासून इंजिनची प्रत्येक थरथर थेट बॉडीत उतरते. घुमणे मफलर बदलल्यानंतर सुरू झाले की त्या दिवशी हा सांधा ‘पक्का’ केल्यानंतर, हे मालकाला आठवत नसते, म्हणून इथे प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे. सायलेन्सरची रबरे बदलताना मूळ मऊपणाचीच घ्यावीत. कडक पॉलियुरेथेनची रबरे दिसायला भक्कम असतात, पण कंपन अडवण्याचे त्यांचे काम ती कमीच करतात.

घुमारा मोजणे

इथपर्यंत सर्व तपासून झाल्यावरही घुमणे उरले असेल तर तो खरा घुमारा आहे, आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाच्या फेऱ्यांना ३० ने आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात ४० ने भागले की धडकांची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. चार सिलिंडरच्या गाडीत २,४०० आरपीएमला ती ८० हर्ट्झ येते, आणि तीन सिलिंडरच्या गाडीत त्याच आरपीएमला ६० हर्ट्झ. एकाच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या पिढीत इंजिन बदललेले असू शकते. मारुतीच्या स्विफ्टमध्ये २०२४ पासून चारऐवजी तीन सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन आले, त्यामुळे पुढे सांगितलेल्या उपायाच्या नळीची जुन्या स्विफ्टला लागू पडलेली लांबी नव्या गाडीला लागू पडत नाही.

आता गाडीच्या आतल्या हवेकडे पाहू. विंडशील्डपासून मागच्या दारापर्यंत आतली लांबी २.२ मीटर धरली आणि तीस अंश तापमानाच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर घेतला, तर लांबीच्या दिशेने केबिनचा पहिला घुमारा जवळजवळ ७९ हर्ट्झला येतो. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन यांच्यात भिंत नसल्याने ही लांबी सलग असते. एक्झॉस्टची नळीसुद्धा यात सामील असते. सरळ नळीचा मफलर उंच स्वर शोषतो, पण इतक्या खालच्या वारंवारतेला तो जवळजवळ नसल्यासारखाच असतो, आणि कन्व्हर्टरपासून टेलपाइपपर्यंतची तीन मीटरची नळी एकच लांब पोकळी होते. तापलेल्या वायूत आवाजाचा सरासरी वेग ४५० मीटर धरला तर तिचा घुमाराही ढोबळमानाने ७५ हर्ट्झला येतो. इंजिनची धडक, नळी आणि केबिन या तिन्हींचे आकडे एकमेकांच्या शेजारी येऊन बसले की महामार्गाच्या स्थिर वेगाला गाडी घुमणार हे ठरलेलेच असते. मूळ सायलेन्सरमधील कप्पे आणि मधला रेझोनेटर (नळीच्या मध्यावरचा आवाज कमी करणारा छोटा डबा) हीच गाठ सोडवण्यासाठी कंपनीने बसवलेले असतात.

आपल्या गाडीचा खरा आकडा मिळवण्यासाठी शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या हातात मोबाइल द्यावा आणि त्यात आवाजाचा वर्णपट दाखवणारे कोणतेही अॅप सुरू करावे. आवाजाची पातळी दाखवणारे साधे मीटर इथे फसवते, कारण ते बहुतेक वेळा माणसाच्या कानाला अनुसरणाऱ्या ‘ए’ मापनावर चालते आणि त्या मापनात ८० हर्ट्झचा आवाज सुमारे २२ डेसिबलनी कमी मोजला जातो. कान दुखत असूनही मीटर मूळ सायलेन्सरइतकाच आकडा दाखवते, मालकाला वाटते आपल्यालाच भास होतो आहे, आणि गॅरेजवालाही तेच सांगतो. मीटरच वापरायचे असेल तर खालचे स्वर फारसे कमी न मोजणारे ‘सी’ मापन निवडावे. खिडक्या बंद, पंखा बंद, मोबाइल मागच्या सीटवरच्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आणि चालकाने फक्त रस्त्याकडे पाहायचे. वर्णपटात एकच टोकदार उंचवटा दिसेल. त्याखालचा हर्ट्झचा आकडा आणि तेव्हाचे आरपीएम वरच्या भागाकाराशी जुळले पाहिजेत. न जुळल्यास आधीच्या पायऱ्यांकडे परत जावे. एक खिडकी चार बोटे उघडल्यावर घुमारा बराच बदलला, तर त्यात केबिनचा वाटा मोठा आहे असे समजावे.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मधला रेझोनेटर परत बसवणे. मागचा मफलर बदलताना ‘मधलाही काढून टाकू’ असे ठरवलेल्या गाड्यांची तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते, आणि माझ्या मते स्पोर्टी स्वर हवा असणाऱ्याने मधल्या रेझोनेटरला मुळात हात लावूच नये. नळीचा व्यासही तपासावा. ऐंशी-नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाला मूळ व्यासाहून फार मोठी नळी लावल्याने ताकद वाढत नाही. वायूचा वेग कमी होतो आणि आवाज आणखी खोल होऊन घुमाऱ्याला खतपाणी मिळते. दुसरी निवड म्हणजे सरळ नळीऐवजी आत कप्पे असलेला मफलर. तो खालच्या वारंवारता कप्प्यांत अडवतो आणि वरचा स्वर थोडा सोडतो, म्हणजे बहुतेकांना जो आवाज हवा असतो तोच.

हे करूनही एकच अरुंद पट्टा शिल्लक राहिला तर पाव लहरीची बंद नळी जोडावी. मुख्य नळीला काटकोनात किंवा तिरकी जोडलेली, दुसरे टोक बंद असलेली ही साधी नळी असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जो एकच सूर निघतो, तसा या नळीचाही एक सूर ठरलेला असतो. त्या सुराची लहर बंद टोकापर्यंत जाऊन परत येते तेव्हा ती मुख्य नळीतल्या लहरीच्या नेमकी उलट असते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. वायू या नळीतून वाहत नाही, त्यामुळे इंजिनवर उलट दाबही येत नाही.

लांबी काढण्यासाठी त्या जागी आवाजाचा जो वेग असेल त्याला वारंवारतेच्या चौपटीने भागावे. वायूचे तापमान ३०० अंश असेल तर वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर, २०० अंशांना सुमारे ४३६, आणि १०० अंशांना सुमारे ३८७ मीटर असतो. ८० हर्ट्झसाठी लांबी अनुक्रमे १.५० मीटर, १.३६ मीटर आणि १.२१ मीटर येते. बंद नळीत वायू खेळत नसल्याने ती मुख्य नळीपेक्षा बरीच थंड राहते, म्हणून खरी लांबी सहसा शेवटच्या दोन आकड्यांच्या आसपास सापडते. अचूक तापमान शोधत बसू नये. सुरुवातीला १.४ मीटरची नळी घ्यावी, शेवटचे झाकण वेल्ड न करता बँड क्लॅम्पने बसवावे, आणि प्रत्येक चाचणीनंतर तीन-चार सेंटिमीटर कापत जावे. लांब नळी आखूड करता येते, उलट करता येत नाही. घुमारा ज्या लांबीला सर्वांत मंद होईल तिथे थांबून झाकण वेल्ड करून घ्यावे.

जागेची निवड लांबीइतकीच महत्त्वाची आहे. ही नळी जिथे लहरीचा दाब जास्त असतो तिथेच काम करते. टेलपाइपच्या उघड्या तोंडाजवळ दाब जवळजवळ शून्य असतो, म्हणून तिथे जोडलेली नळी निव्वळ वजन ठरते. अनेकांचा उपाय फसतो तो याच ठिकाणी. मफलरच्या थोडे आधी, कन्व्हर्टर आणि टेलपाइप यांच्या मधल्या पट्ट्यात जोड द्यावा. व्यास मुख्य नळीइतकाच ठेवावा, कारण बारीक नळीचा परिणाम फार अरुंद आरपीएमपुरता राहतो. जागा कमी असल्यास नळी वाकवून इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी परत पुढे घेता येते. मधली रेषा धरून लांबी मोजावी. बंद टोक जोडापेक्षा किंचित उंच असावे, म्हणजे आतले पाणी मुख्य नळीत उतरते आणि टोक सडत नाही.

मफलरमध्ये जास्तीचे ग्लासवूल भरण्याचा उपाय या आवाजावर चालत नाही, कारण ते शोषते ते उंच स्वर. शिवाय हलक्या प्रतीचे ग्लासवूल काही महिन्यांत जळून किंवा उडून टेलपाइपमधून बाहेर पडते आणि आवाज पूर्वीपेक्षा मोठा होतो. दर पावसाळ्यानंतर मफलर ‘मोठा’ झाल्याची तक्रार असेल तर त्याचे पोट हलके झाले आहे का हे हातात धरून पाहावे. डिकीतील डॅम्पिंग शीट पत्र्याची थरथर कमी करते. हवेतला ८० हर्ट्झचा दाब तिला दाद देत नाही.

घरी काम करताना

जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. समतल फरशी, चाकांना पुढे-मागे ठोकळे, आणि दोन्ही बाजूंना वजनाला योग्य असे जॅक स्टँड, एवढे नसेल तर हे काम गॅरेजच्या रॅम्पवरच करावे. वेल्डिंग गाडीखाली करू नये; जवळच इंधन टाकी असते. नळी जागेवर टाचून घेण्यापुरते वेल्ड करणे अगदीच अटळ असेल तर ते अनुभवी वेल्डरकडून, बॅटरीच्या तारा काढून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे. प्लंबिंगची जस्त चढवलेली जीआय नळी स्वस्त मिळते म्हणून वापरू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा विषारी धूर निघतो.

टेलपाइप बंपरच्या कडेबाहेर आलाच पाहिजे. आखूड टेलपाइपचा वायू गाडीच्या मागे तयार होणाऱ्या भोवऱ्यात अडकतो आणि आत शिरण्याची वाट शोधतो. ती वाट बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या बंपरच्या आड असते: केबिनमधील हवा बाहेर जाऊ देणाऱ्या रबरी पडद्यांच्या झडपा. बंपर उतरवला की त्या दिसतात. पडदा वाकलेला, फाटलेला किंवा चिखलाने अर्धवट उघडा राहिलेला असेल तर तिथूनच घुमाराही आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडही, ज्याला वास नसतो. मफलर बसवण्यासाठी बंपर काढलाच असेल तर दोन्ही झडपा बोटाने उघडून पाहाव्यात, त्या स्वतःहून बंद होतात याची खात्री करावी आणि मगच बंपर परत लावावा. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या कोणालाही डोकेदुखी किंवा मळमळ जाणवली, तर ती घुमाऱ्याची आहे असे गृहीत न धरता खिडक्या उघडाव्यात, गाडी थांबवावी आणि सांधे पुन्हा तपासावेत.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्यावर, सर्व क्लॅम्प आणि फ्लँजचे बोल्ट एकदा तपासून घ्यावेत, कारण पहिल्या काही तापण्या-निवण्यात गॅस्केट बसते आणि बोल्ट सैल पडतात. त्यानंतर पीयूसी करून घ्यावे; लॅम्ब्डाचा छापील आकडा मर्यादेत असणे हा सांधे बंद असल्याचा चांगला पुरावा आहे. काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. त्यातले पाणी काढून, तोंडे कापडाने बंद करून तो कोरड्या जागी ठेवावा, सोबत त्याचे बोल्ट आणि रबरे एका पिशवीत बांधून ठेवावीत, कारण गाडी विकताना, विम्याचा दावा करताना किंवा वाहतूक पोलिसांनी आक्षेप घेतल्यास तोच परत बसवावा लागतो.